भौगोलिक कारणे लिहा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांना क्रमांक असतात. चार अंश लांब, चार अंश रुंद अशा चौकोनांत सगळा देश कापलेला आहे. आपल्या वाट्याला आलेल्या चौकोनाचा क्रमांक ४७. उत्तरेला २० अंश, दक्षिणेला १६, पश्चिमेला ७२ आणि पूर्वेला ७६. या एका चौकोनात मुंबई, पुणे, जुन्नर आणि औरंगाबाद येतात, सातारा-सांगली तर येतातच. चौकोनाचे पुन्हा ए पासून पी पर्यंत सोळा तुकडे. साताऱ्याला अगदी लागून ७४ अंशाचं रेखावृत्त जातं, म्हणून आमचं गाव ४७ जी आणि ४७ के यांच्या शिवेवर. सांगली ४७ एल मध्ये.

माझा उभा जन्म साताऱ्यात भूगोल शिकवण्यात गेला. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असे : ‘भौगोलिक कारणे लिहा’. महाबळेश्वरला पाऊस जास्त आणि माण-खटावला कमी, का? पोरं एका वाक्यात उरकायची : ‘कारण तिथे डोंगर आहेत.’ उत्तर चूक नाही, पण त्याला पूर्ण गुण देता येत नाहीत. डोंगर कुठल्या बाजूला, वारा कुठून येतो, वर चढताना त्याचं काय होतं, पलीकडे उतरताना काय होतं, हे सांगितल्याशिवाय कारण पुरं होत नाही.

निवृत्तीनंतर मला विमान अपघातांचे अहवाल वाचायचा नाद लागला. नाद विचित्र आहे, घरचेही तसंच म्हणतात. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘वैमानिकाची चूक’ असं एका वाक्यातलं उत्तर छापून येतं. वर्ष-दोन वर्षांनी चौकशीचा अहवाल येतो तेव्हा तो कुणी वाचत नाही. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. महाराष्ट्रातले मोठे अपघात बहुतेक सगळे या ४७ नंबरच्या चौकोनातच आहेत, आणि आकाशातल्या म्हणवल्या जाणाऱ्या या घटनांची निम्मीअधिक कारणं जमिनीवर आहेत. विमान कोसळतं त्या घडीला चालवणाऱ्याच्या मनातली जमीन एकीकडे असते आणि खरी जमीन दुसरीकडे.

सुरुवातीच्या वैमानिकांना हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं पडत असे, कारण ते जमीन बघत बघतच उडायचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान होतं. पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. मुंबई आणि बळ्ळारी या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून मी एकदा रेघ मारून पाहिली. ती कोरेगाव-रहिमतपूरच्या आसपासहून जाते. व्हिन्सेंट अगदी या रेघेवरूनच गेले असतील असं मी म्हणणार नाही. पण नदी, रेल्वेचे रूळ, डोंगराची सोंड असं ओळखीचं काहीतरी पकडत जाण्याचा तो काळ होता. रेडिओ नाही, रात्रीचं उड्डाण नाही. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल झाला की टाटांचा सगळा मुक्काम पुण्याला हलत असे. जमीन दिसत नसेल तर उडायचं नाही, आणि ती उतरण्याजोगी नसेल तर दुसरी शोधायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं मोठी झाली, वेगवान झाली, रात्री आणि ढगांतूनही जाऊ लागली. आता खिडकीतून जमीन दिसायची नाही, ती तबकड्यांवरून समजून घ्यायची. त्यातली मुख्य तबकडी उंचीमापकाची. हे यंत्र खरं तर वायुभारमापकच. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून ते उंची सांगतं. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. काटा ३००० फुटांवर असेल तर जुहूच्या वाळूवर तुमच्याखाली ३००० फूट हवा असते. साताऱ्याचा राजवाडा समुद्रसपाटीपासून तेवीसशे-चोवीसशे फुटांवर आहे, तिथे काटा तोच राहील आणि खाली उरतील सहाशे फूट. त्याच काट्यावर अजिंक्यताऱ्याकडे निघालात तर किल्ला तुमच्यापेक्षा उंच असेल, कारण त्याचा माथा ३३०० फुटांच्या घरात आहे. म्हणजे उंचीमापक खरं बोलत असतानाही माणूस डोंगरावर आदळू शकतो. त्यासाठी आपण नकाशावर नेमके कुठे आहोत एवढंच चुकावं लागतं.

१२ जुलै १९४९ रोजी मुंबईत हेच झालं. डच कंपनी केएलएमचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान भर पावसात सांताक्रूझला उतरायच्या प्रयत्नात होतं. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार त्यात होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांच्यापैकीच. विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं आणि आतले सगळेच्या सगळे ४५ जण गेले. टेकडी ६७४ फुटांची. सह्याद्रीच्या हिशेबात तिला कुणी डोंगरही म्हणणार नाही. पण धावपट्टी समुद्रसपाटीलगत असली की शेजारची सातशे फुटांची टेकडीही कळसुबाई ठरते, आणि जुलैत ती ढगात बुडालेली असते.

यापेक्षा मोठा धडा जुन्नरचा. तो मी वर्गात शिकवायला हवा होता असं अजूनही वाटतं, कारण सह्याद्रीची रचना याहून स्पष्ट करणारं उदाहरण नाही.

अलितालिया या इटलीच्या कंपनीचं डीसी-८ जेट सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत मुंबईकडे येत होतं. पुढे कराची, तेहरान आणि रोम. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकती उलटलेली. विमान येत होतं पूर्वेकडून, म्हणजे देशावरून. आता ४७ नंबरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेकडून आलं की पठार असतं दोन-सव्वादोन हजार फुटांचं, त्यावर घाटमाथ्याच्या डोंगरांची रांग, मग एकदम कडा तुटतो आणि खाली कोकण, जवळजवळ समुद्रसपाटीला. मुंबईला येणाऱ्यानं घाटमाथा ओलांडेपर्यंत उंच राहायचं आणि मगच खाली यायचं. अलीकडे आणि पलीकडे यांत हजारो फुटांचा फरक, आणि अंधारात, ढगात, त्या दोहोंमधली रेघ दिसत नाही.

वैमानिकाच्या हिशेबानं आपण मुंबईच्या जवळ पोहोचलो होतो. त्याच्या मनात खाली कोकण होतं. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि खाली जुन्नरचे डोंगर होते. जेटच्या वेगानं हा फरक सात-आठ मिनिटांचा. सरळ धावपट्टीवर उतरायच्या बेतानं त्यानं विमान खाली आणलं आणि ते ३६०० फुटांवर एका डोंगराच्या माथ्यालगत आदळलं. ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. आणखी काही फूट उंच असतं तर त्या माथ्यावरून निसटलं असतं.

अहवालानं कारण सांगितलं ते असं : दिशा आणि अंतर ठरवण्यातली चूक, त्यामुळे मुंबई जवळ आल्याचा गैरसमज आणि वेळेआधी केलेली उतरण. पण पुढची तीन वाक्यं मला जास्त महत्त्वाची वाटतात. आपली जागा तपासून घ्यायला जमिनीवरून रेडिओची साधनं उपलब्ध होती, ती वापरली नाहीत. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणलं. आणि या मार्गावरच्या प्रदेशाची वैमानिकाला ओळख नव्हती. हे तिसरं कारण म्हणजे शुद्ध भूगोल. जुन्नरच्या शाळकरी पोराला जे पाठ असतं, ते नऊ माणसांच्या अनुभवी चमूला त्या घडीला ठाऊक नव्हतं. नकाशाला मात्र ठाऊक होतं. विमानतळाच्या रेडिओ-दीपांनाही ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

हाच नमुना आपल्या नकाशाबाहेर आल्प्समध्ये आपल्याच माणसांवर गुदरला. २४ जानेवारी १९६६. मुंबईहून दिल्ली-बैरुतमार्गे जिनिव्हाला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोईंग ७०७ माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभाही. दिशा दाखवणाऱ्या दोन उपकरणांपैकी एक बिघडलेलं होतं. आपण कुठे आहोत याचा अंदाज वैमानिकानं स्वतः बांधला आणि तो चुकला. जमिनीवरच्या रडार नियंत्रकाला ती चूक दिसली. त्यानं शिखर अजून पुढे असल्याचं कळवलंही, पण निरोप पुरेसा नेमका नव्हता. वैमानिकानं त्याचा अर्थ शिखर मागे गेलं असा घेतला आणि उतरण चालू ठेवली. पंधरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९५० मध्ये, एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगरावर ४८ माणसांसह गेलं होतं.

इथे माझं मूळ मत थोडं बदललं. आधी वाटायचं की अपघात म्हणजे जमिनीविषयीचं अज्ञान. पण माँ ब्लाँच्या बाबतीत जमीन कुठे आहे हे एकाला पक्कं माहीत होतं. ती माहिती ज्याच्या हातात सुकाणू होतं त्याच्यापर्यंत धड पोहोचली नाही. मग जुने-नवे अहवाल याच नजरेनं पुन्हा उघडले.

थोडा हलका प्रकार आधी सांगतो. जुहू आणि सांताक्रूझ या दोन धावपट्ट्या जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आणि तोंडं जवळपास एकाच दिशेला. वरून पाहणाऱ्याला एक दुसरीसारखी दिसते. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं. काही दिवसांनी तिथूनच ते उडवून नेलं. बरं, एकदा चूक झाली तर शहाणपण यावं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा जुहूलाच उतरलं, आणि आखूड पट्टी संपल्यावर पुढे घुसलं. कुणी दगावलं नाही, पण विमान भंगारात गेलं. एकाच गावात दोन सारख्या खुणा ठेवल्या तर परका माणूस चुकणारच. एसटी स्टँड जुना की नवा हे न विचारता उतरलेल्या पाहुण्याची तऱ्हा हीच असते.

१ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी मात्र डोंगरही नव्हता आणि धावपट्टीचा घोळही नव्हता. एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘सम्राट अशोक’, रात्री पावणेनऊच्या सुमारास दुबईकडे निघालं. पश्चिमेला उड्डाण केलं की काही सेकंदांत समुद्र लागतो. मुंबईचे दिवे मागे पडतात आणि पुढे काळोख. दिवसा समुद्रावर क्षितिजाची रेघ स्वच्छ असते, रात्री ती नसते. तिच्याऐवजी वैमानिकाच्या पुढ्यात कृत्रिम क्षितिज दाखवणारं उपकरण असतं. अशी तीन उपकरणं त्या विमानात होती : एक कॅप्टनपुढे, एक सहवैमानिकापुढे, एक राखीव.

उड्डाणानंतर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि मग सरळ झालं. पण कॅप्टनपुढचं क्षितिज बिघडून उजवीकडे कललेलंच राहिलं. कल काढायचा म्हणून त्यानं विमान डावीकडे झुकवलं. उपकरण तरी उजवीकडेच दाखवत होतं, म्हणून आणखी डावीकडे. मानवी शरीर या वेळी मदत करत नाही. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका तोल सांगतात खऱ्या, पण दिसायला क्षितिज नसेल आणि वळण सावकाश असेल तर त्यांनाही ते उमगत नाही. विमान नव्वद अंशांपलीकडे कलंडलं आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात गेलं. २१३ माणसं. कॅप्टनच्या नावावर सुमारे अठरा हजार तासांचं उड्डाण होतं.

आधी घातपाताचा संशय आला. चौकशीत निघालं ते बिघडलेलं उपकरण आणि त्यावर विसंबून केलेली चुकीची हाताळणी. अमेरिकेतल्या न्यायालयात विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे झाले, ते १९८५ मध्ये फेटाळले गेले. माझं लक्ष मात्र ध्वनिमुद्रणातल्या शेवटच्या क्षणांकडे जातं. फ्लाइट इंजिनियरनं कॅप्टनला दुसऱ्या उपकरणाकडे बघा असं सुचवलं होतं. क्षितिज कुठे आहे हे त्या खोलीत कुणालातरी दिसत होतं.

जून १९८२ मध्ये क्वालालंपूरहून मद्रासमार्गे आलेलं एअर इंडियाचं ‘गौरीशंकर’ मुंबईच्या धुवाँधार पावसात उतरताना आदळलं. १११ पैकी १७ जण गेले. वैमानिकाला उंचीचं भान न राहिल्यानं इंजिनांची ताकद वेळेआधीच कमी केली गेली, असं चौकशीत निघालं. पुन्हा जमीनच.

२६ एप्रिल १९९३ चा औरंगाबादचा अपघात मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात आपलं रोजचं जगणं आहे. इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलं होतं आणि दुपारी मुंबईला निघालं. आत ११८ माणसं. चिकलठाण्याची धावपट्टी तेव्हा ६००० फुटांची. पुढच्या टोकाच्या पलीकडे, सव्वाशे मीटरच्या आसपास, बीडकडे जाणारा रस्ता. त्या घडीला कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक रस्त्यावरून चालला होता. विमानानं जमीन उशिरा सोडली, डावं चाक ट्रकला धडकलं. पुढे काही किलोमीटरवर वरूड काझीजवळ ते विजेच्या तारांना लागून कोसळलं. ५५ गेले, ६३ वाचले.

भूगोलाच्या पोरांसाठी यात अभ्यासाचा भाग आहे. एप्रिलची मराठवाड्यातली दुपार. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धाव लांबते. औरंगाबाद समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या आसपास, त्याची आणखी भर. अशा दिवशी पट्टीच्या टोकाला फारशी सवलत उरत नाही. अहवालानं दोन बोटं दाखवली. पहिलं वैमानिकाकडे : नाक उचलायला उशीर केला आणि पद्धतही चुकली. दुसरं विमानतळ प्राधिकरणाकडे : उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक आवरली नाही. विमान कधी सुटणार हे विमानतळाला मिनिटासकट ठाऊक होतं. ट्रकवाल्याला ते कळायची सोय नव्हती. वैमानिकाची चूक तर होतीच, पण रस्ता मोकळा असता तर ती चूक कदाचित मुंबईला पोहोचून लॉगबुकात संपली असती.

जमीन वैमानिकाला कळावी म्हणून जे यंत्र आलं त्याची कथाही डोंगरांनीच लिहिली. अमेरिकेत काम करणाऱ्या डॉन बेटमन या कॅनडियन अभियंत्यानं विमानाच्या पोटाशी बसवलेल्या रेडिओ-उंचीमापकावरून इशारा देणारं उपकरण तयार केलं. जमीन वेगानं जवळ येतेय असं दिसलं की ते ‘पुल अप’ म्हणून ओरडायचं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर टीडब्ल्यूएचं विमान ९२ जणांसह आदळलं आणि त्यानंतर अमेरिकेनं ते सक्तीचं केलं. यंत्रात एक उणीव होती : ते सरळ खाली बघायचं. सावकाश चढणाऱ्या जमिनीवर ठीक. समोर कोकणकड्यासारखी भिंत उभी असेल तर इशारा मिळेपर्यंत वेळ संपलेला. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ तसंच झालं. बारा-तेरा सेकंद आधी यंत्र ओरडलं आणि तेवढे पुरले नाहीत. ही उणीव भरून काढायला बेटमन यांच्या चमूनं यंत्रात अख्ख्या जगाचा नकाशाच घातला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर विक्रीला आलेले लष्करी नकाशे त्यासाठी त्यांनी विकत घेतले. आता यंत्र खाली तर बघतंच, पुढेही बघतं. मी ज्या समोच्चरेषा फळ्यावर खडूनं काढायचो, त्या आज प्रत्येक मोठ्या विमानात असतात. डोंगरावर आदळण्याचे प्रवासी जेटचे अपघात त्यामुळे कमालीचे घटले.

पण यंत्रानं सांगितलं तरी ऐकणारा माणूसच. माझा एक जुना विद्यार्थी विमान वाहतूक नियंत्रणात आहे. दिवाळीला घरी येतो. त्याला मी विचारलं, “इतकं सगळं असताना अजून धावपट्टीवरून घसरतात कसे रे?”

तो म्हणाला, “सर, वर्गात तुमचं एखादं गणित फळ्यावर चुकायचं, तेव्हा मागच्या बाकावरच्याला ते दिसायचं की नाही?”

“दिसत असणार.”

“मग कोण बोलायचं?”

मंगळूर आणि कोझिकोडची विमानतळं सपाट केलेल्या डोंगरमाथ्यावर आहेत. आमच्याकडे पाचगणीचं टेबललँड ज्यानं पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको : वर सपाट, आणि कड संपली की थेट दरी. अशा पट्टीवर लांब जाऊन टेकणं परवडत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोईंग ७३७ मंगळूरला ८००० फुटांच्या पट्टीवर ५२०० फूट ओलांडून टेकलं आणि दरीत गेलं. १६६ पैकी आठ वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी करोनाकाळात परदेशात अडकलेल्यांना घेऊन दुबईहूनच आलेलं त्याच कंपनीचं विमान पावसात, पाठीमागून वारा असताना, कोझिकोडच्या पट्टीवर जवळजवळ मध्यावर टेकलं. २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे आपले महाराष्ट्राचे, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले. त्यांच्या जाण्यानं अनेक मराठी घरांत त्या रात्री टीव्ही बंद झाले नाहीत.

दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की एक ओळ समान निघते. उतरणं बिघडलंय, पुन्हा वर चला, असं दोन्ही वेळी सहवैमानिकानं सांगितलं होतं. मंगळूरला कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. कोझिकोडला पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर बंद पडला होता. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच करायचं होतं, कारण त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते, हेही अहवालात आहे. नियम न पाळल्याचा दोष कॅप्टनवर आहेच. पण पुढच्या दिवसाचं वेळापत्रक आखणारं टेबल विमानात बसलेलं नसतं, तरी उतरण्याच्या निर्णयात त्याचा हात असतो. आणि सहवैमानिकानं नुसतं सुचवायचं नाही, गरज पडली तर सुकाणू हाती घ्यायचं, हेही अहवालानं सांगितलं. ज्येष्ठाला अडवणं आपल्याला घरात, शाळेत, कचेरीत कुठेच शिकवलं जात नाही. मी तरी शिकवलं नाही.

सगळे अपघात या साच्यात बसत नाहीत, हेही नोंदवायला हवं. ऑक्टोबर १९७६ मध्ये मुंबईतच इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलच्या इंजिनातली चकती धातूच्या थकव्यानं फुटली आणि ९५ जण जळून गेले. १९८५ मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बनं पडलं. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं ड्रीमलायनर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं, विमानातला एक प्रवासी सोडून सगळे गेले. त्या संध्याकाळी वाहिन्यांवर प्रत्येकाकडे एका वाक्याचं उत्तर तयार होतं. जुलैतल्या प्राथमिक अहवालानं दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद स्थितीत गेल्याचं नोंदवलं, पण कुणाला दोषी ठरवलं नाही. आंतरराष्ट्रीय करारातही हेच लिहिलेलं आहे : चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं, कुणाला दोषी ठरवणं नव्हे. आपल्याकडे यासाठी २०१२ पासून वेगळा विभाग आहे. उशीर लागतो, पण पूर्ण गुणांचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत कुणाचं लिहून होत नाही.

आता आमच्या भागाचं. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी पडून आहे. कराडलाही धावपट्टी आहे. दोन्ही जिल्ह्यांत विमानतळाची मागणी होते, निवेदनं दिली जातात. मागणी रास्तच आहे. पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पण अशा सभांना मी गेलो की नकाशा घेऊन जातो. उतरणीच्या वाटेत कुठला डोंगर येतो? पट्टीच्या तोंडावरून कुठला रस्ता जातो आणि उसाच्या गाड्या त्यावरून किती वाजता असतात? पश्चिमेचा वारा पावसाळ्यात कुठे वळतो? गावाचा कचरा कुठे टाकतात, म्हणजे घारी कुठे घिरट्या घालणार? शेजारी किती मजल्यांना परवानगी मिळणार, कारण इमारत म्हणजे नकाशात नसलेली नवी टेकडीच? हे प्रश्न विचारले की व्यासपीठावर चुळबूळ होते. सर, आधी विमानतळ तर होऊ द्या, असं कुणीतरी म्हणतं.

धावपट्टी किती लांब हा आकडा सभेत मोठ्यानं सांगितला जातो. पट्टी संपल्यावर पुढे मोकळी जमीन किती, हा आकडा कुणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानं पट्टीलगतचा साठ मीटरचा पट्टा सोडून ती निदान ९० मीटर असावी आणि शक्य असेल तर २४० मीटर. औरंगाबादला त्या मोकळ्या जागेच्या हद्दीतच रस्ता होता, मंगळूर आणि कोझिकोडला ती संपताच दरी. हा दुसरा आकडा मागच्या बाकावरच्या कुणीतरी उभं राहून विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये.